कोकमाचा अर्क आणि ‘लठ्ठपणाचे जंतू’

रोज उपाशीपोटी कोकमाचा अर्क घेतल्यास आतड्यांतील ‘लठ्ठपणाचे जंतू’ मरतात, चांगले जंतू वाढतात, महिन्याभरात दहा किलो वजन उतरते आणि औषध झाडपाल्याचे असल्याने अपाय मुळीच होत नाही, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

मुळात यात झाडाचीच गल्लत आहे. कोकणातल्या रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल खारवलेल्या रसाचे पुट देत उन्हात वाळवली की आमसूल होते. वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा त्याच्या भावकीतल्या, केरळात माशाच्या कालवणात पडणाऱ्या कुडमपुळीचा अर्क असतो. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल दोन्हींत आहे आणि चरबी तयार होण्याच्या वाटेवरील एका विकराला (एन्झाइमला) ते अडवते, हे खरे. तरीही १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे झालेल्या चाचणीत कुडमपुळीचा अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. वजन उतरले ते दोन्ही गटांना दिलेल्या कमी उष्मांकांच्या आहाराने, असेच म्हणावे लागते.

‘लठ्ठपणाचे जंतू’ ही कल्पना अगदीच हवेतून आलेली नाही. स्थूल व्यक्तींच्या आतड्यांत फर्मिक्युटीस गटातील जंतूंचे प्रमाण जास्त असते, असे २००६ साली अवघ्या बारा स्थूल व्यक्तींच्या अभ्यासातून मांडले गेले. पुढे अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासल्यावर ते प्रमाण सर्वत्र सारखे आढळले नाही. चांगले जंतू वाढण्याच्या दाव्याचा धागा असा: वनस्पतींतील पॉलिफेनॉल नावाची संयुगे लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जंतूच त्यांचे विघटन करतात. क्रॅनबेरीचा पॉलिफेनॉलयुक्त अर्क दिलेल्या उंदरांत ॲकरमॅन्सिया हा चांगल्यांत गणला जाणारा जंतू वाढला आणि चरबीयुक्त खाद्य खाऊनही त्यांचे वजन कमी वाढले. पण तो उंदीर होता आणि ती क्रॅनबेरी होती. बेल्जियममध्ये तर हा जंतूच थेट माणसांना तीन महिने दिला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, मात्र वजनातील घट ठोस म्हणावी इतकी नव्हती.

अपाय नाही, हे विधान सर्वांत घातक आहे. कुडमपुळीच्या अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. सोलकढीच्या वाटीला हे लागू नाही. कॅप्सूल घेत असताना डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर ती तत्काळ थांबवून बाटलीसह डॉक्टरांकडे जावे.