कोच म्हणवून घ्यायची हौस

आज ऑफिसात टाउनहॉल होता, म्हणजे सगळ्यांची एकत्र मीटिंग. आमचे साहेब नुकतेच कुठल्याशा रिसॉर्टवर लीडरशिप ट्रेनिंग करून आलेत, त्यामुळे अंगात वारं शिरलंय. स्लाइडवर एक पिळदार दंडाचा माणूस, आणि साहेब म्हणतात, "मला बॉस समजू नका. मी तुमचा फिटनेस कोच!" टाळ्या. पुढच्या स्लाइडवर रोज दहा हजार पावलांचं चॅलेंज. त्याच्या पुढच्या स्लाइडवर या तिमाहीचं टार्गेट, गेल्या खेपेपेक्षा वीस टक्के जास्त. टीममधली दोन माणसं सोडून गेली आणि त्यांच्या जागी कुणी येणार नाही, हे मात्र एकाही स्लाइडवर नव्हतं.

(दहा हजार पावलांचं म्हणाल तर तो आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र खपवायला काढला. असो.)

तिथे गप्प बसले. आता ओटा आवरून झालाय, म्हणून लिहितेय.

साहेब, कोच काय चीज असते ते मी रोज सकाळी बघते. आमच्या जिमचे सर माझ्यापेक्षा बरेच लहान, मला ताई म्हणतात. मागे एकदा ऑफिसातल्या रिलीजसाठी रात्र जागून मी तशीच जिमला गेले होते. स्क्वॉटचा दिवस, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठबशा. नेहमीचं वजन लावलं, बसले, उठले. मला वाटलं, झकास. सर मागे उभे होते. त्यांनी काही न बोलता दोन्ही बाजूंच्या पाच-पाचच्या प्लेटी काढल्या, स्टँडला अडकवल्या आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, टाचा उचलल्या जातायत. रात्री झोप नाही ना झाली?"

एवढंच. शेजारच्या बेंचवरच्या मुलालाही ऐकू गेलं नसेल.

आता हेच ऑफिसात झालं असतं तर? वजन उचललं गेलं होतं की! शीटवर हिरवा रंग आला असता, "ग्रेट जॉब" म्हणून अंगठा आला असता आणि पुढच्या आठवड्यात आणखी दहा किलो चढले असते. टाचा कोण बघतो? टाचा बघायला माणसाच्या जवळ उभं राहावं लागतं. आमच्याकडे सगळे डॅशबोर्ड बघतात. गुडघा गेला की मग एचआरचं मेल येतं, मन:स्वास्थ्य सप्ताहाचं, सोबत कमळाचं चित्र.

आणि वजन वाढवायची पण एक रीत असते. अडीच-अडीच किलोंनी वाढवतात. फॉर्म, म्हणजे उचलायची ढब, बिघडला की वाढवत नाहीत. काही आठवड्यांनी सर मुद्दाम हलकं करायला लावतात, कारण स्नायू उचलताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत वाढतो. हे जिममधल्या कालच्या पोराला कळतं. पण २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणाले, २०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन थेट नव्वदवर गेले, रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत वाटते म्हणाले. प्लेटी चढवत सुटलेत नुसते. बारखाली कोण आहे ते बघा की!

माझा सगळ्यात मोठा राग कशावर आहे सांगू? जड सेट असला की सर डोक्यामागे येऊन उभे राहतात. हात बारला लावत नाहीत, बारखाली धरून ठेवतात. अडकलं तर उचलणार ते. त्या हातांच्या भरवशावर माणूस एरवी झेपणार नाही असं वजन घेतो. आमचे साहेब वजन चढवतात आणि मग "ओनरशिप घ्या" म्हणून दुसऱ्या मीटिंगला जातात. क्लायंटच्या कॉलवर आमच्या एका मुलीला परवा अक्षरशः फाडलं, साहेब म्यूटवर. नंतर तिला वेगळं बोलावून सांगितलं की यातून शीक.

बरं बाबा, मान्य. सरांना मी पैसे देते, साहेबांना कंपनी देते. सरांसमोर एका वेळी एक माणूस, साहेबांसमोर अठरा. आणि सगळे ट्रेनर काही संत नसतात, निम्मे मोबाइलमध्ये असतात आणि उरलेले प्रोटीनचे डबे विकत असतात. ठीक आहे.

पण मग कोच म्हणवून घेऊ नका ना. मॅनेजर म्हणा, चांगला शब्द आहे.

आता कुणीतरी कमेंटमध्ये सचिनचे कोच आचरेकर सर काढणार, मला माहीत आहे. साहेबांनीही काढले होते. यष्टीवर रुपयाचं नाणं, आऊट करेल त्या बोलरचं, नाही झाला तर सचिनचं. म्हणजे बघा, प्रेशर द्यावंच लागतं! २०१३ साली वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिन सांगत होता की सर आपल्याला कधीच 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, तेही साहेबांना पाठ. पण त्याच भाषणात स्कूटर पण आहे हो. मॅच प्रॅक्टिस मिळावी म्हणून सर त्या पोराला स्कूटरवर मागे बसवून मुंबईभर मैदानामैदानांवर न्यायचे. नाणं सगळ्यांना आठवतं. स्कूटर चालवायची कुणाची तयारी नाही.

लिहिता लिहिता थोडं शांत झाले. खरं सांगायचं तर साहेब माणूस वाईट नाही. परवा दुपारी चार वाजता त्यांना डेस्कवरच डबा खाताना बघितलं, एका कानात इयरफोन, वरचा कुणीतरी झापत होता बहुतेक, कारण घास हातात तसाच होता. त्यांच्या टाचाही कुणी बघत नसणार. पण म्हणून मी काय करू? त्यांनी निदान खाली तरी बघावं.

आणि आता मुख्य गोष्ट. आज सकाळी सरांनी सांगितलं की या महिन्याअखेर ते जिम सोडतायत. सोडतायत कसले, सोडायला लावलंय. मालकांनी प्रत्येक ट्रेनरला पर्सनल ट्रेनिंगच्या पॅकेजचं टार्गेट दिलंय आणि आमचे सर त्यात सगळ्यात खाली. साहजिकच आहे, येणाऱ्या काकूंना ते सांगतात की तुम्हाला पॅकेजची गरज नाही, आधी तीन महिने नुसतं नीट चाला. मालक कधी फ्लोअरवर येऊन बघत नाहीत की या माणसाच्या बॅचमधल्या बायका वर्षानुवर्षं टिकून आहेत. त्यांच्याकडेही शीटच आहे.

तर ठाणे पश्चिमेला, शक्यतो घोडबंदरच्या या बाजूला, कुणाच्या ओळखीत सरांसाठी चांगली जिम असेल तर मला इनबॉक्स करा. सकाळची बॅच हवी, संध्याकाळी त्यांची आई एकटी असते. गुडघेदुखीवाल्यांना ते फार छान सांभाळतात. फक्त डबे विकायला सांगू नका.