मामा म्हणे आठ

मी डिस्प्ले इंजिनिअर आहे. पुण्यात एवढं सांगितलं की भागतं. रावेर तालुक्यात भागत नाही. उन्हाळ्यात मामाच्या ओट्यावर बॅग टेकवली, की पाण्याच्या तांब्याच्या आधी रिमोट हातात येतो.

"मामा, मी टीव्ही दुरुस्त करत नाही."

"मंग तू तिकडे करतो तरी काय भो?"

आता काय सांगावं? फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. शिवाय एकेकाच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. उमेदीची वर्षं मी यातला न पेटणारा ठिपका हुडकण्यात घातली. पुढे बढती मिळाली. आता ठिपके दुसरे हुडकतात आणि उशीर का झाला ते वरच्यांना मी सांगतो. मामाने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि रिमोटचे सेल काढून दाताने चावून बघितले.

दुपारी नवीन तक्रार. मामाच्या गाडीचा डिजिटल मीटर उन्हात काळाठिक्कर पडला होता. हा मात्र माझाच विषय! मी अंगणात उभा राहून थेट १८८८ सालात गेलो. राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ, गाजरातून काढलेलं कोलेस्टेरॉल, त्यापासून केलेला पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. ती मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. मीटरमधलं द्रवस्फटिकाचं मिश्रण याहून बऱ्याच कमी तापमानाला नितळ होतं. तसं झालं की रेणू रांग मोडतात, प्रकाश वळवेनासे होतात आणि पुढची-मागची पोलरायझरची काच, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश सोडणारी चाळणी, तो अडवते. पडदा काळा. आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे...

तेवढ्यात मामीने ओला पंचा आणून मीटरवर टाकला. थोड्या वेळाने आकडे परत आले.

"शिकली असती तर कुठल्या कुठे गेली असती," मामा म्हणाला. माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी केळीची कटाई. बांधावर व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. तो सुरू करताना सगळे खाने क्षणभर ८ दाखवतात. मला त्यात दशकाच्या घरात ६ दिसला. सात दांड्यांचा आकडा असतो तो. वरचा उजवा दांडा मेला, की ८ चा ६ होतो आणि ९ चा ५. म्हणजे ८२ किलोचा माल ६२! मी ओरडलोच. टोळी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पदवीचा खानदेशात उपयोग झाला होता.

पण खरा ६ आणि लंगडा ८ दिसायला सारखेच. मामा म्हणे आठ, व्यापाऱ्याचा माणूस म्हणे सहा. मी म्हटलं, वजन माहीत असलेलं एखादं पोतं ठेवू, दहा-दहा किलो वाढवत जाऊ, आकडा कुठे अडखळतो ते बघू. खिशातून पेन काढलं, केळीच्या खोक्यावर तक्ता आखला, दांड्यांना अ, ब, क अशी नावं दिली.

वर बघतो तो दोघांनी सातावर तोड केली होती आणि पोऱ्याला चहाला पिटाळलं होतं.