मिलर्स डेलचा फलाट आणि आमची शकुंतला

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये डर्बीला आले होते. मी चॅट्सवर्थचा राजवाडा दाखवायचं ठरवलेलं, पण बाबांनी मोबाईलच्या नकाशात मिलर्स डेल नावाचं बंद स्टेशन शोधून काढलं आणि धरून बसले की आधी हेच. कॉलेजची सगळी वर्षं दारव्हा ते यवतमाळ शकुंतलेने, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीने, गेलेला माणूस, त्याला राजवाड्याचं काय कौतुक! मी गाडी चालवत नाही, त्यामुळे दोन बस बदलून निघालो, पहिली उशिरा पोचली म्हणून दुसरी चुकली, आणि म्हाताऱ्या आईबापांना घेऊन मी सव्वा तास रस्त्याच्या कडेला उभी. डर्बी म्हणजे कधीकाळी मिडलँड रेल्वे कंपनीचं मुख्यालय, इथून थेट ट्रेन त्या स्टेशनात जायची, आणि आज त्याच स्टेशनात पोचायला आमची ही कसरत. त्या सव्वा तासात जे डोक्यात सुरू झालं ते आज लिहून टाकते.

गाव म्हणजे किती, तर वाय नदीच्या दरीत मोजकी घरं, दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर, दगड नुसते एकमेकांवर रचून केलेली कुंपणं आणि मेंढ्या. आणि अशा गावाला पाच फलाटांचं स्टेशन! कारण जवळच्या बक्स्टन शहराला जाणारी माणसं इथे गाडी बदलायची. 1863 साली स्टेशन सुरू झालं, लंडनच्या सेंट पँक्रासहून मँचेस्टरला जाणाऱ्या एक्स्प्रेस इथून धडधडत जायच्या, बाजूच्या टाइड्सवेल गावाचं नावसुद्धा इथल्या पाटीवर होतं, फलाटावरच पोस्ट ऑफिस होतं. वाहतूक इतकी वाढली की 1905 मध्ये जुन्या पुलाला चिकटून दुसरा पूल बांधावा लागला. दोन्ही पूल आजही दरीवर शेजारी शेजारी उभे आहेत.

बाबा फलाटाच्या अगदी कडेला जाऊन उकिडवे बसले. कडेचे दगड अजून जागच्या जागी आहेत, त्यांच्या सांध्यांमधून नेचे उगवलेत, आणि खाली जिथे रूळ असायला हवेत तिथे गुळगुळीत वाट, तिच्यावरून सायकली चालल्यात. बाबांनी हात खाली घालून बघितलं, मला वाटतं गिट्टी शोधत होते. मग म्हणाले, "काऊन बंद केली असंन वं इतकी मोठी टेसन?"

मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. 1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला, त्यात देशभरातली 2,363 स्टेशनं आणि जवळजवळ 5,000 मैल लोहमार्ग बंद करायची शिफारस होती. सगळा हिशोब तिकीट विक्रीचा, कुठलं स्टेशन किती कमावतं आणि किती खातं. मिलर्स डेल मार्च 1967 मध्ये बंद झालं. तरी लांब पल्ल्याच्या गाड्या त्यानंतरही वर्षभर त्याच दरीतून जात होत्या, पण तोवर लंडन-मँचेस्टर दुसऱ्या मार्गाचं विद्युतीकरण झालं होतं, मग ही लाईन "जास्तीची" ठरली आणि 1968 च्या जुलैपासून डर्बीकडच्या मॅटलॉक गावाच्या पुढे थेट गाड्याच थांबल्या. रूळ उखडले. आज डर्बीहून मँचेस्टरला जायचं तर शेफिल्ड किंवा स्टोककडून वळसा.

मला खरा राग इथेच येतो. हिशोब चुकीचा होता असं मी म्हणत नाही, खर्च खरंच परवडत नसेल. पण दरीतल्या म्हातारीला बेकवेलच्या बाजारात जायचंय, पोराला बक्स्टनला शाळेत जायचंय, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? तिकिटाचे पैसे मोजता येतात म्हणून तेवढेच मोजले. छोट्या स्टेशनातून चढणारा माणूस पुढे मोठ्या गाडीत बसतो, म्हणजे मोठ्या गाडीची कमाई त्या छोट्या फलाटामुळेच असते, ही साधी गोष्ट आमच्या गावातला पानवालासुद्धा सांगेल.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहिते. इथल्या लोकांनी एक काम फार शहाणपणाचं केलं, लाईनची जमीन तुकडे करून विकू दिली नाही. 1980 च्या सुमाराला हा पट्टा नॅशनल पार्ककडे आला (पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क, 1951 चं) आणि 1981 मध्ये मॉन्सल ट्रेल म्हणून पायवाट झाली, साडेआठ मैलांची. बोगदे मात्र धोक्याचे म्हणून बंदच होते, लोक डोंगरावरून वळसा घालून जायचे. 2011 मध्ये चार बोगदे दिवे लावून उघडले. आम्ही त्यातल्या एकात गेलो. जून महिना, बाहेर ऊन, आणि आत एकदम विहिरीत उतरल्यासारखा गारवा, भिंतीतून पाणी टपकतंय. बाबांनी रुमालाने भिंत पुसली तर रुमाल काळा. शेवटची गाडी जाऊन पन्नास वर्षं उलटली आणि इंजिनाची काजळी अजून तिथेच! आई म्हणाली धुवू नका तो, राहू द्या तसाच.

पुढे हेडस्टोनचा पाच कमानींचा पूल लागतो. तो बांधला तेव्हा जॉन रस्किन भयंकर चिडले होते, ज्यांच्या विचारांनी आपल्या गांधीजींना हलवलं तेच रस्किन. दरीचा सत्यानाश केला, आणि कशासाठी तर बक्स्टनच्या मूर्खांनी अर्ध्या तासात बेकवेलला पोचावं म्हणून, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. आज तोच पूल संरक्षित वास्तू आहे आणि लोक त्याचेच फोटो काढायला येतात.

पण येतात कशाने? कारने. रविवारी त्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग, पार्किंगला जागा नाही. रेल्वे स्टेशन बघायला माणसं कार घेऊन येतात, आणि ज्याच्याकडे कार नाही तो माझ्यासारखा बसस्टॉपवर. लाईन परत सुरू करा म्हणणारे लोक आहेत, आणि आमची वाट घालवू नका म्हणणारे सायकलवाले, चालणारेही आहेत. मी स्वतः त्या वाटेवर दहादा गेलेय, मला ती मनापासून आवडते, तरी माझं मत विचाराल तर रेल्वे आधी. सुंदर वाट ही सुट्टीची सोय झाली, गावातल्या माणसाला सोमवारी सकाळी कुठे पोचायचं असेल तर ती कामाची नाही. ट्रेलच्या बक्स्टनकडच्या टोकाला गेलं की सगळ्यात जास्त टोचतं, तिथून जवळच खाणींतला दगड नेणाऱ्या मालगाड्यांची लाईन अजून चालू आहे. दगडाला रूळ आहेत, माणसाला नाहीत.

परतताना बाबा म्हणाले, "हे तं आपल्या शकुंतलेवानीच झालं." मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटर, नॅरो गेज म्हणजे अरुंद रुळांची, वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरकडे पोचावा म्हणून ब्रिटिश कंपनीने टाकलेली लाईन, तिचं वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरात बनलेलं, 1994 पर्यंत ओढत होतं बिचारं. कापूस संपला तरी गाडी राहिली कारण तोवर ती शेतमजुरांची, शाळेच्या पोरांची, बाजाराला जाणाऱ्या बायांची झाली होती. एसटीच्या तुलनेत तिकीट अगदी किरकोळ. मग तीही थांबली.

म्हणून माझं गावाकडच्या सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, शकुंतलेच्या जागी ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांच्या लाईनची, मागणी करायची ती कराच, पण तोवर त्या पट्ट्यावर अतिक्रमण होऊ देऊ नका, पूल मोडू देऊ नका, स्टेशनची इमारत विटाविटांनी घरी नेऊ नका. रूळ गेले तरी जमीन सलग राहिली तर उद्या गाडी परत आणता येते. मध्ये चार प्लॉट पडले की संपलं सगळं.

काल बाबांचा फोन होता. दारव्हा स्टेशनकडे फिरायला गेले होते, म्हणाले रुळावर गवत कमरेइतकं झालंय, पोरं शेळ्या चारतात. मग म्हणाले, "त्या पाच कमानीच्या पुलाचा फोटो पाठव वं, चहाच्या टपरीवर दाखवाचा हाय." मी पुलाचे सगळे फोटो पाठवलेत, बोगद्याचेही, आणि त्या काळ्या रुमालाचाही.