वीज, उपग्रह आणि मावशीला आलेला मेसेज

मावशीला दमा आहे. गेल्या आठवड्यात तिने मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, तुझ्याच शास्त्रज्ञांनी सांगितलंय. मी आता मास्क लावणं सोडलं." पुढच्या दोन दिवसांत तोच मेसेज आणखी चार जणांकडून आला. वातावरणाचं रसायनशास्त्र हा माझा रोजचा अभ्यास आहे, आणि मास्कचं वाचून मला खरंच राग आला, म्हणून हे उत्तर.

मेसेजमध्ये एक रंगीत नकाशा आहे, विषुववृत्ताच्या आसपास लालभडक. त्याखाली चार दावे. पहिला, हवेतले बहुतेक नायट्रोजन ऑक्साइड (धुरातून येणारे त्रासदायक वायू) आकाशातल्या विजेमुळे तयार होतात हे उपग्रहांनी सिद्ध केलंय, गाड्या आणि कारखाने उगाच बदनाम झालेत. दुसरा, मॉडेलवाले, म्हणजे हवेचं गणित संगणकावर मांडणारे, विजेचे आकडे उपग्रहाशी जुळेपर्यंत फिरवतात, म्हणजे सगळं बनावट. तिसरा, विजेमुळे ओझोनच्या थराचं भोक भरून येतं. चौथा, विजेमुळे तयार होणारा ओझोन फुफ्फुसं शुद्ध करतो, तेव्हा वादळात मोकळ्यावर जाऊन खोल श्वास घ्या.

पहिल्या दाव्याचा हिशोब कुणालाही मांडता येईल. उपग्रहांच्या नोंदींवरून पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी सुमारे ४४ वेळा वीज चमकते. वर्षाला झाल्या साधारण १३९ कोटी विजा. विजेच्या वाटेत हवा तीसेक हजार अंशांपर्यंत तापते, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. शूमान आणि हुंट्रिझर या शास्त्रज्ञांनी २००७ साली तोवरच्या सगळ्या मोजमापांचा आढावा घेतला. आजही या विषयात बोलणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. त्यांच्या मते एका विजेमागे सरासरी २५० मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक), म्हणजे त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचं वजन धरलं तर साडेतीन किलो. गुणाकार करा, वर्षाला जवळपास ५० लाख टन येतात. खनिज इंधन जाळून आणि उद्योगांतून माणूस हवेत सोडतो ते, याच मापात, २५० ते ३०० लाख टन. 'बहुतेक' कुठून आलं?

नकाशा मात्र खोटा नसावा, एवढं मान्य करते. असे नकाशे असतात, पण ते जमिनीपासून आठ-दहा किलोमीटर वरच्या हवेचे असतात. उष्ण कटिबंधात त्या उंचीवर वीज हा नायट्रोजन ऑक्साइडचा मुख्य स्रोत आहेच. जमिनीलगत हे वायू काही तासांत संपतात, वर ते कित्येक दिवस टिकतात आणि प्रत्येक रेणूमागे ओझोनही जास्त तयार करतात. म्हणून वीज हवामानासाठी महत्त्वाची आहे. पण मावशी श्वास घेते ती रस्त्यावरची हवा. नकाशाखालची उंचीची ओळ कापली की हा फरकच दिसेनासा होतो, आणि मेसेजमधल्या नकाशाखाली ती ओळ नाही.

आता दुसरा दावा. यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण बनावटगिरीचा आरोप ज्या कामावर केलाय तेच काम मॉडेल प्रामाणिक ठेवतं.

आधी एक गोष्ट. हवेतला एखादा रेणू विजेतून आला की गाडीच्या धुरातून, हे कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. ओएमआय किंवा ट्रोपोमीसारखी उपग्रहांवरची उपकरणं नायट्रोजन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण मोजतात, त्यावर स्रोताचं नाव लिहिलेलं नसतं, आणि दाट ढगाखालचं तर त्यांना फारसं दिसतही नाही. विजेचा वाटा वेगळा काढून दाखवणारा नकाशा मॉडेलमधूनच येतो. म्हणजे दुसऱ्या दाव्यात ज्याला बनावट म्हटलंय, पहिला दावा त्याच्याच खांद्यावर उभा आहे.

मॉडेलमध्ये वीज येते कशी? जगाचे मोठमोठे चौकोन पाडलेले असतात, एकेक शंभर किलोमीटरचा किंवा त्याहूनही मोठा. एवढ्या चौकोनात एकेक वीज मांडता येत नाही. म्हणून १९९२ साली प्राइस आणि रिंड यांनी दिलेलं सूत्र वापरतात: ढगाचा माथा जितका उंच, तितक्या विजा जास्त. किती जास्त? जमिनीवर उंचीच्या ४.९ व्या घाताइतक्या. मॉडेलचा ढग फक्त १० टक्क्यांनी जास्त उंच निघाला, तर विजा ६० टक्क्यांनी वाढतात. दोष इथे आहे आणि तो आम्ही कधी लपवलेला नाही. हे सूत्र जसंच्या तसं वापरलं की मध्य आफ्रिकेत विजा प्रत्यक्षापेक्षा कमी पडतात आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात जास्त.

खऱ्या विजा किती, हे उपग्रहांनी दाखवलं. १९९५ मध्ये ओटीडी हे विजा टिपणारं उपकरण अवकाशात गेलं, १९९७ मध्ये टीआरएमएम उपग्रहावरचं एलआयएस. ऑक्सिजनच्या ७७७.४ नॅनोमीटरच्या उजेडात ढगाचा माथा क्षणभर उजळतो, तो ही उपकरणं टिपत होती, अगदी भर दिवसासुद्धा. एलआयएसला एका जागेवरून जाताना जेमतेम दीड मिनिट मिळायचं, त्यामुळे भरवशाचं चित्र तयार व्हायला वर्षानुवर्षांच्या नोंदी साठवाव्या लागल्या. २०१६ नंतर भूस्थिर उपग्रहांवरची उपकरणंही आली. ती पृथ्वीच्या एका बाजूवर सतत नजर ठेवतात.

मरे या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या नोंदी जिओस-केम या हवेच्या रसायनशास्त्राच्या मॉडेलला जोडल्या. प्रत्येक प्रदेशात, प्रत्येक महिन्यात उपग्रहाने किती विजा पाहिल्या आणि मॉडेलने किती पाडल्या, याचं गुणोत्तर काढलं आणि मॉडेलच्या विजा त्या गुणोत्तराने गुणल्या. मेसेज लिहिणाऱ्याला 'फिरवणं' वाटतं ते हेच. पण फिरवला काय? विजांचा आकडा. तपासलं काय? ओझोन. फुग्यांना बांधून वर सोडलेल्या उपकरणांनी मोजलेला ओझोन या दुरुस्तीत वापरलेलाच नव्हता. दुरुस्तीनंतर उष्ण कटिबंधातल्या ओझोनचे वर्षागणिक चढउतार मॉडेलला आधीपेक्षा चांगले साधले. ज्या मोजमापावरून सुधारलं, त्याच्यावरच परीक्षा घेतली असती तर आरोप खरा ठरला असता. इथे परीक्षा दुसऱ्याच मोजमापावर झाली.

अर्धं सत्य यातही आहे, ते सांगून टाकते. एका विजेमागे २५० मोल ही सरासरी आहे, त्याच आढाव्यात ३३ पासून ६६० पर्यंतची शक्यता दिलेली आहे, आणि जगाचा एकूण आकडा २० ते ८० लाख टनांच्या मध्ये कुठेही असू शकतो. उपग्रह विजा मोजतो, त्या विजेने किती वायू तयार केला ते मोजत नाही. हा आकडा आम्ही अजून इतर निरीक्षणांशी पडताळूनच ठरवतो आणि त्यावर आमच्यात वाद आहेत. पण ८० लाख टन धरले तरी ते माणसाच्या वाट्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच राहतात.

तिसऱ्या दाव्याला दोन ओळी पुरेत. ओझोनचा थर स्थितांबरात आहे, विजेची उलाढाल त्याच्या खाली, तपांबरात. आणि स्थितांबरात नायट्रोजन ऑक्साइड पोहोचलेच तर ते ओझोन नष्ट करतात. पॉल क्रुट्झेन या शास्त्रज्ञाने हे १९७० साली दाखवलं आणि १९९५ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

राहिला चौथा, ज्याच्यामुळे माझी झोप उडाली. ओझोन फुफ्फुसं शुद्ध करत नाही. तो श्वासनलिकेचा दाह करतो आणि दमा बळावतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. त्यात वादळाचा धोका वेगळाच. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये वादळ झालं, गवताचे परागकण ओलाव्याने फुटून बारीक होऊन हवेत पसरले, हजारो लोक धाप लागून रुग्णालयांत पोहोचले आणि दहा जण दगावले. वीज अंगावर पडण्याची गोष्ट तर मी अजून काढलेलीच नाही.

मावशी, मास्क परत लाव. ढगांचा गडगडाट ऐकू आला की आत ये, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर जाऊ नकोस, आणि पंप हाताशी ठेव. तो मेसेज ज्यांना पुढे पाठवलास, त्यांना हेही पाठव.