चौथ्या दिवशीच्या चेहऱ्याबद्दल

नमस्कार,

आमच्या क्लिनिकबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मुरमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर केलं, ‘दोन दिवसांत ऑफिसला जाल’ असं सांगितलं गेलं, चौथ्या दिवशी चेहरा तपकिरी आणि सँडपेपरसारखा खरखरीत झाला, रविवारी कुणी फोन उचलला नाही आणि आता महिन्याने गालांवर डाग आहेत, खड्डे मात्र जसेच्या तसे. असं तुम्ही लिहिलंय.

तुमच्या फाईलमधलं काही मी इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

‘दोन दिवस’ हे साफ चुकीचं होतं, आणि ते आमच्याच काउंटरवरून सांगितलं गेलं. या लेझरनंतर पाच ते सात दिवस हाताशी ठेवावे लागतात. लाली तर पुढे काही आठवडेही रेंगाळते. किरण त्वचेतल्या पाण्यात शोषला जाऊन बारीक बारीक छिद्रं पाडतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्याच जोरावर जखम भरते. प्रत्येक छिद्रावर टाचणीच्या टोकाएवढी खपली धरते. तोच तुमचा सँडपेपर. आधी कुणी सांगितलं नसेल, तर आरशात ते बघून कुणीही हादरेल.

रविवारच्या फोनला माझ्याकडे सबब नाही. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, पू धरला, फोड आले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावं लागतं; सोमवारची वाट बघून चालत नाही. यापुढे लेझर झालेल्या प्रत्येकाकडे माझा स्वतःचा नंबर असेल.

डागांचं म्हणाल, तर सावळ्या त्वचेत जखमेनंतर असा काळपटपणा येतो आणि बहुतेकदा काही महिन्यांत फिका पडतो. ‘उन्हात फिरला असाल, खपल्या काढल्या असतील’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण लेझरची ऊर्जा जास्त झाली तरी हेच होतं, म्हणून त्या दिवशीच्या सेटिंगची नोंद मी स्वतः तपासते आहे.

खड्ड्यांबाबत मात्र तुमच्याशी सहमत नाही. खड्डा आतून भरून आणणारं नवं कोलॅजन (त्वचेतलं प्रथिन) तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात, आणि अरुंद, खोल खड्डे एका सिटिंगमध्ये भरत नाहीत. हो, रिसेप्शनच्या भिंतीवरचा ‘आधी आणि नंतर’चा फोटो चार सिटिंगनंतरचा आहे, हे त्याखाली लिहिलेलं नव्हतं. आज सकाळी लिहिलं.

डाग आहेत तोवर पुढचं सिटिंग घेऊ नका, आमच्याकडे नको आणि दुसरीकडेही नको. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. कुणी सुचवलेलं स्टेरॉइडचं गोरेपणाचं क्रीम चुकूनही लावू नका. तपासणीला कधीही या, फी घेणार नाही. आमच्यावर विश्वास उरला नसेल, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फाईलची प्रत काउंटरवर काढून ठेवली आहे.