मत मिळालं, पण कुणाला?

‘पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बायकांनी कारखाने सांभाळले, म्हणून १९१८ मध्ये त्यांना मताधिकार मिळाला’ हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. त्या कायद्यात बायकांना वयाची अट ३० होती, वर घर-मालमत्तेची अट वेगळीच. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या बऱ्याच जणी तर विशीतल्या. टीएनटी हे स्फोटक हाताळून ज्यांची कातडी पिवळी पडली, काहींचं यकृत निकामी झालं, त्यांना तिशी उलटेपर्यंत नाहीतर बायकांना पुरुषांच्याच अटींवर मत देणाऱ्या १९२८ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

दुसरं म्हणजे, ‘सांभाळले’ म्हणजे नेमकं काय? कसबी कारागिराचं काम आख्खं सहसा कुणी बाईच्या हाती दिलं नव्हतं. त्याचे तुकडे पाडले. सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कसबी कारागीर, लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) लावून देणार, कापणाऱ्या टूलला धारही तोच लावणार. बाईने फक्त तोफेचा गोळा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, बसवायचा, ठरलेला एकच कट घ्यायचा आणि गेजने (मापाच्या साधनाने) तपासायचं. टूल झिजलं, माप सरकलं की मशीन थांबवून पुन्हा सेटरची वाट बघा. म्हणून तर काम काही आठवड्यांत शिकवता आलं. पण पूर्ण कसब हाती न आल्याने युद्ध संपल्यावर ‘आम्हीही कारागीर’ म्हणायची सोय उरली नाही. युनियनांनी १९१५ मध्येच सरकारकडून शब्द घेतला होता की हे सगळं युद्धापुरतं. १९१९ मध्ये युद्धाआधीच्या कामाच्या पद्धती परत आणणारा कायदा झाला तो त्याच शब्दाला जागून. लेखात त्याचा उल्लेखच नाही!