पीएचडी म्हणजे पगारी सुट्टी नव्हे

पीएचडी करणाऱ्यांविषयीचा एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा की, पीएचडी म्हणजे नोकरीची जबाबदारी टाळण्यासाठी घेतलेली चार-पाच वर्षांची पगारी सुट्टी होय. वेळ स्वतःच्या हातात असतो, काम म्हणजे वाचायचे आणि लिहायचे एवढेच असते, डोक्यावर साहेब नसतो, ताण तर काय प्रत्येकच नोकरीत असतो, आणि ज्यांना एवढेही झेपत नाही ते मध्येच सोडून देतात, कारण त्यांच्यात कुवत किंवा चिकाटी नसते. हा मजकूर प्रबंधाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात अडकलेल्या विद्यार्थ्याच्या घरच्यांपर्यंतही पोहोचतो आणि त्यांना तो खरा वाटतो. म्हणूनच त्यातील विधानांना एकेक करून उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

वेळ स्वतःच्या हातात असतो, हे अर्धेच खरे आहे. संशोधक विद्यार्थ्याची हजेरी सहसा कुणी घेत नाही. पण आजचे काम संपले, असे सांगणारेही कुणी नसते. एक शोधनिबंध वाचून झाला की त्याच्या संदर्भसूचीतून आणखी दहा निघतात, आणि त्यांतला नेमका न वाचलेला निबंधच परीक्षक पुढे करतील ही धास्ती मनातून जात नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी स्वस्थ बसले तरी आपण काहीतरी चुकवत आहोत अशी टोचणी लागून राहते. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०१९ साली जगभरातील सहा हजारांहून अधिक पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के विद्यार्थ्यांनी आठवड्याला चाळीस तासांहून अधिक काम करत असल्याचे सांगितले. प्रयोगशाळेत तर वेळ विद्यार्थ्याच्या हातात नसतोच. वाढवायला ठेवलेल्या पेशींचे पोषकद्रव्य दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, मग त्या दिवशी रविवार असो वा घरचे लग्न.

‘फक्त वाचायचे आणि लिहायचे’ हे विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण संशोधनाचा बहुतांश वेळ ज्या कामात जातो ते काम वाचनही नसते आणि लेखनही. जोसेलिन बेल केंब्रिजमध्ये पीएचडी करत होत्या तेव्हा त्यांची पहिली दोन वर्षे इतरांबरोबर रेडिओ दुर्बीण उभारण्यात गेली. खांब ठोकणे आणि तारा ओढणे हेच तेव्हा संशोधन होते. १९६७ साली दुर्बीण सुरू झाल्यावर नोंदयंत्रातून रोज सुमारे तीस मीटर कागदी पट्टी बाहेर पडू लागली, आणि ती नजरेखालून घालण्याचे काम या विद्यार्थिनीकडे होते. त्याच पट्टीवर, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या जागेत, त्यांना एक वेगळीच खरखर दिसली. ती ना ताऱ्याच्या नोंदीसारखी होती ना मानवनिर्मित अडथळ्यासारखी, आणि मागच्या पट्ट्यांमध्येही आपण ती पाहिली आहे हे त्यांच्या लक्षात आले. पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारे तारे, सापडले ते असे. तरीही त्यांच्या प्रबंधाचा ठरलेला विषय वेगळा असल्याने या शोधाला त्यात परिशिष्टातच जागा मिळाली.

बेल यांच्या पट्टीवर निदान काही सापडले. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला महिनोन्महिने न सापडणेच येते. मायकोप्लाझ्मा या जिवाणूचे उदाहरण घ्या. पेशींच्या संवर्धनात तो शिरला तरी द्रव गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही. पेशी वाढत राहतात, मोजमापे होत राहतात, आलेख काढले जातात. पुढे कधीतरी खास चाचणी केली की कळते की त्या काळातील निष्कर्षांवर विश्वास ठेवता येत नाही. मग पेशी फेकून द्यायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. या वाया गेलेल्या महिन्यांची नोंद प्रबंधात कुठेही होत नाही. ज्या प्रयोगातून अपेक्षित फरक दिसला नाही तो प्रसिद्ध होणे आधीच अवघड असते. १९७९ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी अशा निष्कर्षांच्या खणातच पडून राहण्याविषयी लिहिले होते. बाहेरून पाहणाऱ्याला म्हणूनच वाटते की या विद्यार्थ्याने वर्षभर काहीच केले नाही.

डोक्यावर साहेब नसतो, या विधानात तर वस्तुस्थिती पूर्ण उलटी केली आहे. विषयाला मान्यता देणारा, प्रकरणांचे मसुदे तपासणारा, शोधनिबंधावर सहलेखक म्हणून नाव असणारा, प्रबंध सादर करण्यास संमती देणारा आणि पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र लिहिणारा माणूस बहुतेक वेळा एकच, म्हणजे गाईड, असतो, आणि अनेक ठिकाणी विद्यार्थ्याचे विद्यावेतनही त्याच्याच प्रकल्पातून येते. नोकरीत साहेबाशी जमले नाही तर बदली मागता येते किंवा दुसरी नोकरी धरता येते. इथे गाईड बदलणे म्हणजे बहुधा विषय बदलणे, आणि विषय बदलणे म्हणजे झालेली वर्षे सोडून देणे. दिलेला मसुदा सहा-सात आठवडे तसाच पडून राहतो, विद्यार्थी आठवण करावी की करू नये या विचारात पत्र लिहितो आणि खोडतो, आणि अखेर मसुदा परत येतो तेव्हा मागच्या भेटीत सांगितले म्हणून घातलेला भाग ‘हे इथे कशाला’ अशा शेऱ्यासह खोडलेला असतो. सगळे गाईड असे नसतात. चांगला गाईड लाभलेल्या विद्यार्थ्यांची वर्षे खरोखर समृद्ध होतात आणि त्यांची कृतज्ञता आयुष्यभर टिकते. माझा आक्षेप व्यक्तींवर नाही. एवढी सत्ता एकाच माणसाच्या हाती देऊन त्याच्या चांगुलपणावर विसंबून राहणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

विद्यावेतनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते ठरावीक वर्षांसाठीच असते आणि प्रबंध त्या मुदतीत पूर्ण होईलच असे नसते. म्हणजे लेखनाचे सर्वांत कठीण महिने अनेकांना उत्पन्नाशिवाय किंवा दुसरे काम करत काढावे लागतात. अशा मिळकतीला पगारी सुट्टी म्हणणे सत्याला धरून नाही.

ताण प्रत्येकच नोकरीत असतो, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. सुदैवाने याची प्रत्यक्ष तुलना झालेली आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतातील ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका असल्याचे आढळले, आणि हे प्रमाण उच्चशिक्षित नोकरदारांमधील प्रमाणापेक्षा स्पष्टपणे अधिक होते. कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरील नियंत्रण, घर आणि काम यांची ओढाताण आणि मार्गदर्शकाची पद्धत यांच्याशी या धोक्याचा संबंध दिसून आला. ‘नेचर’च्या पाहणीतही पीएचडीमुळे आलेल्या चिंता किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचे ३६ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले होते. त्याच पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी पीएचडी करण्याच्या निर्णयाबद्दल समाधानीही होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. कामावर प्रेम असणे आणि त्या कामाच्या परिस्थितीने खचून जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात.

राहिला कुवतीचा मुद्दा. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, दहा वर्षांच्या मुदतीत पीएचडी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. अभियांत्रिकीत ते ६४ टक्के, तर मानव्यविद्यांमध्ये ४९ टक्के होते. कडक चाळणीतून निवडलेल्या विद्यार्थ्यांपैकी एवढ्या मोठ्या वाट्याला अचानक बुद्धी कमी पडते, असे मानणे कठीण आहे. बार्बरा लोविट्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पीएचडी पूर्ण करणारे आणि सोडणारे यांचे आधीचे गुण जवळपास सारखेच असल्याचे आढळले. फरक होता तो प्रवेशानंतर विभागात त्यांना मिळालेल्या वागणुकीत, माहितीत आणि सोबतीत. सोडणारा विद्यार्थी बहुधा गाजावाजा न करता निघून जातो. तो का गेला हे विचारण्याची तसदी विभागात सहसा कुणी घेत नाही, आणि ‘त्याला झेपले नाही’ हे स्पष्टीकरण मागे उरलेल्या सर्वांनाच सोयीचे ठरते.